शंख वाजल्यानंतरचा आवाज

सातावाओ, २७ मे १९९६

प्रिय आत्या,

वीस तारखेच्या पत्रात माझ्याकडून एक चूक झाली आहे. ती आधी दुरुस्त करते, बाकीचं मग लिहिते.

मी लिहिलं होतं, "सांजप्रार्थनेचा शंख झाल्यावरही ग्वेनबाई बारमध्ये बाटल्या उघडून देत होत्या, हे मी पाहिलं." आत्या, मी पाहिलं नाही. ऐकलं. आम्ही सगळे घरात डोळे मिटून बसलो होतो, बाबा प्रार्थना म्हणत होते, आणि जास्वंदीच्या कुंपणापलीकडून तीन बाटल्यांची झाकणं उडाल्याचा आवाज आला. मागून कुणीतरी हसलं. दुसरा शंख झाल्यावर मी उठून कुंपणातून डोकावले, तेव्हा ग्वेनबाई बारच्या फळीमागे उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात तीन उघड्या बाटल्या होत्या. कानांनी ऐकलेलं आणि नंतर डोळ्यांनी दिसलेलं मी एकत्र शिवलं आणि "पाहिलं" असं लिहून मोकळी झाले. पत्र पेटीत टाकलं त्या दिवसापासून हे मनात खुपतं आहे. म्हणून तू तो शब्द बदलून वाच.

तू त्यांना पाहिलेलं नाहीस. फक्त बाबांच्या पत्रावर विश्वास ठेवून आपली किनाऱ्याची जागा बारसाठी द्यायला होकार दिलास. तेव्हा त्या कशा आहेत तेही लिहायला हवं. नाहीतर एका चुकीच्या ओळीवरून तू त्यांचं चित्र काढशील.

ग्वेनबाई अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत. वेल्समधल्या एका खाणकामगारांच्या गावात त्यांनी तीस वर्षं गुत्ता चालवला. खाण बंद पडली, गाव रिकामं झालं, नवरा गेला. मग त्या इथे आपल्या बेटावर पंधरा दिवसांसाठी म्हणून आल्या आणि समोरच्या पर्यटकांच्या झोपड्यांत चार महिने राहिल्या. मार्चमध्ये परवानगी मागायला गावसभेपुढे बसल्या तेव्हा दुभाषी म्हणून मी होते. दोन्ही गुडघे दुखरे, तरी अडीच तास मांडी घालून बसल्या. पाय पंचांकडे होऊ दिला नाही. त्यांना उशी द्यायला माझी मैत्रीण पेपे उठली तर म्हणाल्या, "नको. उशीवर बसलेल्या माणसाला कुणी काही देत नाही."

थोरले पंच तुइलोमा त्यांना म्हणाले, "बाई, सूर्य बुडताना तुमच्या गिऱ्हाइकांना प्यायचं असतं. नेमकी तेव्हाच आमची प्रार्थना. जमायचं कसं?"

त्या म्हणाल्या, "वीस मिनिटं थांबून प्यायलं म्हणून सूर्य काही परत वर येत नाही."

मी भाषांतर केलं आणि सगळे पंच हसले. तुइलोमासुद्धा. मग अटी ठरल्या. पहिल्या शंखापासून दुसऱ्या शंखापर्यंत कुणी पेला उचलायचा नाही, गाणं नाही, चालणं नाही. रविवारी दिवसभर बंद. रविवारचं ऐकून ग्वेनबाई म्हणाल्या, "माझ्या लहानपणी आमच्याकडेही रविवारी गुत्ते बंदच असायचे. मला घरी आल्यासारखं वाटतंय."

अशा बाईने पहिल्याच संध्याकाळी अट मोडावी, हे मला तेव्हाही विचित्र वाटलं होतं. तरी मी लिहिलं.

एतुआले सुखरूप पोचला ना? उद्घाटनासाठी तो ऑकलंडहून आला, दोन मित्रांना घेऊन आला, याचा बाबांना फार आनंद झाला. डिसेंबरमध्ये त्याला घराण्याची पंचकी द्यायची हे आता नक्की आहे. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "माझा भाचा आता माझ्या शेजारी बसणार."

तुझी,
इलिसा


ऑकलंड, ५ जून १९९६

इलिसा, बाळ,

तुझी दुरुस्ती पोचली, पण उशिरा. तुझं पहिलं पत्र मिळालं त्याच दिवशी मी पोस्टातल्या फोनवर दादाला बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. तो चिडला. चिडणारच. जागा आपली, अट आपल्या तोंडून गेलेली. हसं होतं ते आपलं. सोमवारी गावसभेत विषय येतो आहे.

आणि पाहिलं काय, ऐकलं काय, त्यात एवढा फरक कसला? दम्यामुळे तुला नऊ वर्षांची होईपर्यंत शाळेत धाडलं नाही. मी चटईवर बसवून तुला अक्षरं शिकवली. तेव्हाही तू एक स्वल्पविराम चुकला तर पूर्ण पान परत लिहायचीस. मी म्हणायचे, अगं, वही संपेल! आता तरी तो स्वभाव सोड. सांजप्रार्थनेच्या वेळी आपल्या गावात कोण डोळे उघडून बघतं? सगळे आत, सगळ्यांचे डोळे मिटलेले, रस्त्यावर पहाऱ्याला उभी पोरं तीसुद्धा तोंडं फिरवून. त्या वेळेपुरती आपल्या गावात साक्ष असते ती कानांचीच. माझ्या आजोबांनी तर निव्वळ कोंबडीच्या ओरडण्यावरून चोर पकडला होता.

बार तिचा. बाटल्या तिच्या. हातात तिच्याच होत्या. मग आवाज काय समुद्रातल्या माशांनी केला?

गोड बोलणाऱ्या परदेशी माणसांना मी रोज पाहते. मी त्यांचीच कार्यालयं पुसते. जिभेवर साखर असते आणि जमिनीवर डोळा. तू भोळी आहेस.

एतुआले मजेत आहे. तिकडचं फारसं बोलत नाही, दमला असावा. गाडीच्या कारखान्यात त्याला पुढची जागा मिळाली. डिसेंबरच्या समारंभासाठी मी चर्चमधल्या बायकांना सांगून ठेवलं आहे. आम्ही तिथे येताना वीस जणी येऊ.

तुझी आत्या,
फुआतिनो


सातावाओ, १४ जून १९९६

प्रिय आत्या,

सोमवारी सभा झाली. जसं घडलं तसं लिहिते. जिथे मला खात्री नाही तिथे तसं म्हणेन.

दुभाषी म्हणून मला पुन्हा बोलावलं. मी खांबाशी बसले, ग्वेनबाई माझ्या उजव्या हाताला. बाबा म्हणाले, "पहिल्याच दिवशी, पहिल्या शंखानंतर, या बाईंच्या बारमध्ये दारू उघडली गेली. माझ्या घरातल्या माणसाने साक्ष दिली आहे." त्यांनी माझं नाव घेतलं नाही. तरी अर्ध्या सभेने माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी मला सांगितलं, "हे बाईंना त्यांच्या भाषेत सांग."

आत्या, माझंच वाक्य माझ्यापुढे आलं आणि ते मला भाषांतर करून सांगावं लागलं. मी सांगितलं. आवाज इतका बारीक झाला की त्यांना वाकून ऐकावं लागलं.

तुइलोमांनी विचारलं, "बाई, त्या वेळी तुमच्याकडे बाटल्या उघडल्या गेल्या, हे खरं?"

"खरं," त्या म्हणाल्या.

"कुणी उघडल्या?"

ग्वेनबाईंनी पाय आणखी आवरून घेतले. मग म्हणाल्या, "छप्पर माझं. छपराखाली जे होतं ते माझं."

तुइलोमा म्हणाले, "हे उत्तर नाही."

"उत्तर नसेल. पण माझ्याजवळ तेवढंच आहे."

दंड ठरला. एक मोठं डुक्कर आणि डबाबंद माशांची दहा खोकी. बार तेव्हापासून बंद. परवानगी कायमची काढून घ्यायची की नाही ते ऑगस्टच्या सभेत, सोमवारी एकोणीस तारखेला ठरेल. मी हे सांगितलं तेव्हा ग्वेनबाईंनी फक्त एवढंच विचारलं, "डुक्कर केवढं? लहान आणून मला कुणाचा अपमान करायचा नाही."

आणि त्यांनी खरोखरच सगळ्यांत मोठं डुक्कर आणलं. शेजारच्या गावापर्यंत स्वतः गेल्या, घासाघीस न करता घेतलं. ट्रकमध्ये डुकराजवळ बसून आल्या. डुक्कर सारखं ओरडत होतं आणि त्या त्यांच्या भाषेतलं चर्चचं गाणं त्याला म्हणून दाखवत होत्या. पोरं ट्रकमागे पळत होती. तुइलोमांच्या अंगणात ते उतरवल्यावर तुइलोमांची बायको म्हणाली, "दंड भरायला आलीस की लग्न लावायला?" ग्वेनबाईंना भाषा कळली नाही, पण सूर कळला. त्या म्हणाल्या, "नवरदेव जरा जाड आहे." मी भाषांतर केलं, आणि दोघी एकमेकींचे दंड धरून हसल्या.

आता त्या काय करतात ते सांगते. रोज सकाळी बारच्या बंद छपराखाली पेले धुतात. कुणी वापरलेले नसतात, तरी धुतात. पेपेने विचारलं, "बाई, कशाला?" म्हणाल्या, "धूळ परवानगी विचारून बसत नाही." झोपड्यांतले पर्यटक दुपारी येतात तेव्हा त्यांना नारळाचं पाणी देतात आणि गावातून पोहण्याच्या कपड्यांत हिंडू नका म्हणून दटावतात. फळीमागे दहा-बारा लुंग्या घडी करून ठेवल्या आहेत, उघड्या पायांनी आलेल्याला आधी ती नेसायला लावतात. काल एक ऑस्ट्रेलियन तरुण म्हणाला, "बार बंद आहे ना, मग तुमचा नियम कशाला?" त्या म्हणाल्या, "बार बंद आहे. मी उघडी आहे. नेस."

शंख झाला की त्या अजूनही जमिनीवर बसतात. कुणी बघत नाही तरी.

त्यांनी "कुणी उघडल्या" याचं उत्तर का दिलं नाही, हे मला समजत नाही. त्यांनीच उघडल्या असत्या तर त्या "मी" म्हणाल्या असत्या, असं मला वाटतं. पण हे फक्त माझं वाटणं आहे.

मी सभेत का बोलले नाही, असं तू विचारशील. मला तिथे दुसऱ्यांचं बोलणं सांगायला बसवलं होतं. माझं स्वतःचं वाक्य मला तोंडात सापडलंच नाही. ही सबब आहे, मला माहीत आहे.

एतुआले त्या संध्याकाळी तिथेच होता. त्याने काय पाहिलं ते विचारशील का?

तुझी,
इलिसा


ऑकलंड, २५ जून १९९६

इलिसा,

पत्र मिळालं. दंड भरला गेला, गावाचा मान राहिला, विषय संपला. त्या बाईने नीट भरला हे चांगलं केलं.

आता हे पुरे. पंचांनी ठरवलेल्या गोष्टीवर तुझ्यासारख्या मुलीने इतका विचार करायचं कारण नाही. ऑगस्टमध्ये जे ठरेल ते ठरेल. जागा मोकळी झाली तर दादा तिथे पर्यटकांसाठी आणखी चार झोपड्या बांधू शकेल.

एतुआलेला विचारलं. तो किनाऱ्यावर होता म्हणतो, त्याने काही पाहिलं नाही. तो हल्ली कामावरून उशिरा येतो, जेवतो न जेवतो. तेव्हा त्याला पत्रांतून असले प्रश्न पाठवू नकोस.

सोबत निळं कापड धाडते आहे, रविवारच्या झग्यासाठी. आणि तुझ्या दम्याची वाफ घ्यायची नवी डबी. दोन्ही तिकडे यायला निघालेल्या माउगाबाईंच्या हातून येतील. नारळाच्या दुधातली अळूची पानं त्यांच्याबरोबर धाडता आली तर बघ, गोठवून. इथली पानं म्हणजे कागद.

तुझी आत्या


सातावाओ, ११ जुलै १९९६

प्रिय आत्या,

कापड आणि डबी मिळाली. फार आभारी आहे. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण हे पत्र मी पाच वेळा लिहिलं आणि पाच वेळा फाडलं. वही खरंच संपत आली आहे.

मला आता माहीत आहे बाटल्या कुणी उघडल्या.

दोन तारखेला मी आणि पेपे बारजवळ चटयांसाठी केवड्याची पानं सुकवत होतो. पेपे त्या संध्याकाळी ग्वेनबाईंच्या हाताखाली कामाला होती. मी तिला सरळ विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या कानांना चष्मा लाव गं आधी. मग सांगते."

"पेपे, गंमत नको."

"गंमत कुठे? अख्ख्या गावात तुझे कान प्रसिद्ध झालेत. त्या कानांनी बाईंचं दुकान बंद केलं." मग ती पानं खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "बाईंनी मला शपथ घातली आहे. पण त्यांनी ती त्यांच्या भाषेत घातली, मला अर्धीच कळली. तेव्हा मी अर्धं सांगते. शंख झाला. बाईंनी सगळ्या पाहुण्यांना खाली बसवलं. प्रत्येकाच्या हातातून पेला काढून घेतला, एका म्हाताऱ्या जर्मनाचा तर ओठांपासून काढला. दिवे झाकले. मग आपण टोकाला समुद्राकडे तोंड करून बसल्या, डोकं खाली. फळीकडे त्यांची पाठ. तेव्हा तिघे जण फळीमागे गेले. दोघे बाहेरचे, त्यांना काय माहीत? तिसरा आपला. त्याने उघडल्या. मित्रांना दाखवायला, की हे गाव माझं, इथे मला कोण अडवणार."

"तिसरा कोण?"

"हा अर्धा भाग माझ्याकडे नाही," पेपे म्हणाली. "पण ऑकलंडचे पांढरे बूट घालून वाळूत चालणारा गावात एकच होता."

आत्या, मी तुला नाव लिहीत नाही. तुला ते माझ्याआधी माहीत असेल असं मला वाटतं. मी चुकत असेन तर तसं सांग. मी तुझी माफी मागेन.

पुढचंही पेपेनेच सांगितलं. झाकणांचा आवाज ऐकून ग्वेनबाई प्रार्थनेतून उठल्या, तिघांच्या हातांतून बाटल्या काढून घेतल्या आणि दुसऱ्या शंखाची वाट बघत तशाच उभ्या राहिल्या. ओतायला गेल्या असत्या तर आणखी चालावं लागलं असतं आणि अट आणखी मोडली असती. म्हणून जागच्या हलल्या नाहीत. मी कुंपणातून पाहिलं ते हेच. आमच्या अटीला इतक्या काटेकोरपणे जपणाऱ्या बाईला मी अट मोडणारी लिहिलं.

मी त्यांच्याकडे गेले. त्या छपराच्या झावळ्या बांधत शिडीवर होत्या. मी खालून म्हणाले, "तुम्ही सभेत नाव का नाही सांगितलं?"

"कसलं नाव?"

"तुम्हाला माहीत आहे कसलं."

त्या झावळी बांधत राहिल्या. म्हणाल्या, "इलिसा, मी तीस वर्षं गुत्ता चालवला. पोरं काय काय करतात ते सगळं मला माहीत असायचं. कुणाचा बाप काय करतो तेही. गुत्तेवालीने तोंड उघडलं तर गावात दुसऱ्या दिवसापासून कुणी तिच्याकडे येत नाही. आणि इथे तर मी पाहुणी आहे. पाहुणीने घरच्या पोराला घरच्यांसमोर उघडं पाडायचं नसतं."

"पण तुमचं दुकान जाईल."

"माझं एक गेलंच आहे आधी. गावासकट गेलं. तो दोरा दे."

मी दोरा दिला. गाठ मारून त्यांनी खाली पाहिलं. म्हणाल्या, "आणि तू काही बोलायचं नाहीस. तू त्याच घरातली आहेस. तुला इथे राहायचंय."

आत्या, जिने माझ्यामुळे सगळं गमावलं ती मला जपते आहे. मी काय करू?

तुझी,
इलिसा


ऑकलंड, २० जुलै १९९६

इलिसा,

हो. मला माहीत होतं. जूनमध्ये, सभा झाल्यावर, तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. डुकराजवळ बसून ती गाणं म्हणत आली, तिथपर्यंत तो ऐकत होता. मग उठून मागच्या अंगणात गेला. मी मागोमाग गेले तर तो म्हणाला, "आई, तिने माझं नाव घेतलं नाही?" तेवढ्यावर मला कळलं. मी तुला खोटं लिहिलं. झालं?

आता माझं ऐक. तो सतरा वर्षांचा असताना इथे आला. नऊ वर्षं परक्या देशात, गावाचा कुणी नाही असा वाढला. त्या संध्याकाळी मित्रांपुढे मोठेपणा करायला गेला. मूर्खपणा केला, पाप नाही केलं. डिसेंबरमध्ये त्याला पंचकी मिळाली की तो परत आपला होईल. हे बाहेर आलं तर? ज्याने स्वतः सांजप्रार्थना मोडली आणि दुसऱ्याला दंड भरू दिला, त्याला कोण पंच करेल? आणि नुसतं तेवढंच नाही. तुझ्या बापाने भर सभेत जिच्यावर आरोप केला, तिच्या दारात त्याला बारीक विणीची चटई डोक्यावर घेऊन, मान खाली घालून बसावं लागेल. क्षमा मागायला. एका परदेशी बारवालीच्या दारात! म्हाताऱ्या वयात दादाला हे बघायला लावणार आहेस?

तिने स्वतः सांगितलं आहे ना, बोलू नकोस म्हणून? मग तिचं ऐक. एवढी चांगली आहे ती, तर तिच्या शब्दाला मान दे. तू मला कळवलंस, तुझं मन मोकळं झालं. तुझी दुरुस्ती माझ्यापाशी पोचली. बास.

मी तुला कधी काही मागितलं नाही. आज मागते.

आत्या


सातावाओ, ६ ऑगस्ट १९९६

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी दर दिवशी वाचलं. तू मला काही मागितलं नाहीस हे खरं आहे. तू मला फक्त दिलं. म्हणून हे पत्र लिहिताना मला भीती वाटते आहे. तरी लिहिते.

एतुआलेवर मी रागावलेली नाही. तू लिहिलेलं त्याचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं, "तिने माझं नाव घेतलं नाही?" हे विचारणारा माणूस वाईट नसतो. त्याने जेवण सोडलं आहे ते मला त्याच्या बाजूचं वाटतं.

इथली हकिगत अशी. ग्वेनबाईंनी सामान वाटायला सुरुवात केली आहे. मोठे पेले महिला समितीला दिले, लग्नकार्यात वापरा म्हणाल्या. विजेवर चालणारी बर्फाची पेटी तुइलोमांच्या बायकोला दिली, त्यांच्या घरी वीज नसताना. ती म्हणाली, "यात काय ठेवू, कोंबड्या?" ग्वेनबाई म्हणाल्या, "कोंबड्या थंड राहतील तरी." मग त्या हसल्या आणि तुइलोमांच्या बायकोने त्यांना जवळ घेतलं. शनिवारी त्यांनी छपराखालच्या लुंग्या धुऊन, घडी घालून, झोपड्यांच्या मालकिणीकडे दिल्या, म्हणजे पुढे येणाऱ्या पर्यटकांना कुणीतरी नेसायला लावेल. स्वतःचं दुकान जात असताना आपल्या गावाची लाज कशी झाकली जाईल याचा विचार करत बसणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

आत्या, तू म्हणतेस त्यांच्या शब्दाला मान दे. मी यावर फार विचार केला. एतुआलेचं नाव न घेण्याचा शब्द त्यांचा आहे, तो त्यांनी पाळला, त्यांना शोभला. पण "मी पाहिलं" हा शब्द माझा आहे. माझी दुरुस्ती तुझ्यापाशी पोचली, पण चूक तुझ्यापाशी थांबली नव्हती. ती सभेत गेली. म्हणून दुरुस्तीही तिथेच जायला हवी. बाकी कुठेही ठेवली तर ती माझ्या सोयीची.

पहिल्यांदा मला वाटलं, फक्त एवढंच सांगावं की मी पाहिलं नव्हतं, आणि पुढे गप्प राहावं. पण तुइलोमा विचारतील, "मग कोण?" त्यांनी विचारलं की मी खोटं बोलणार नाही. आणि तेव्हा गप्प बसले तर सगळे ग्वेनबाईंकडे पाहतील, जूनमध्ये पाहिलं तसंच. म्हणून विचारलं तर मी उत्तर देईन. हे मी तुला आधी सांगते आहे, नंतर कळायला नको.

बाबांना काल संध्याकाळी सांगितलं. नाव सांगायच्या आधीच त्यांनी हात वर केला. मग म्हणाले, "मी सभेत साक्ष म्हणालो. तुला एकदाही विचारलं नाही, पोरी, तू पाहिलंस का म्हणून." त्यानंतर त्यांनी आजीची सर्वांत जुनी चटई पेटाऱ्यातून काढून उन्हात टाकली. आई म्हणाली, "नुसती कसर लागू नये म्हणून असेल." पण कसर दर वर्षी लागते, आणि ती चटई त्यांनी माझ्या आठवणीत कधी काढली नव्हती.

मी दुभाषी म्हणून बसणार नाही. त्या दिवशी ते काम मास्तरांचा मुलगा करेल. बायकांना सभेत मधेच बोलता येत नाही, म्हणून मी महिला समितीच्या सालोमेबाईंकडे गेले. त्या विणत होत्या. मी म्हणाले, "मला सभेत दोन वाक्यं बोलायची आहेत. तुम्ही माझ्यासाठी परवानगी मागाल का?"

"कसली वाक्यं?"

"ती तिथेच सांगेन."

सालोमेबाईंनी विणणं थांबवलं नाही. म्हणाल्या, "त्या गोऱ्या बाईंच्या बाजूची?"

"नाही. माझ्याविरुद्धची."

तेव्हा त्यांनी वर पाहिलं. "मग मागते. स्वतःविरुद्ध बोलायला आलेल्याला आजवर कुणी अडवलं नाही, रांगच नसते तिथे. पण पोटभर खाऊन ये. रिकाम्या पोटी खरं बोलणारे मधेच चक्कर येऊन पडतात. आणि ती दम्याची डबी घेऊन ये."

सभा नऊ वाजता आहे. आधी ग्वेनबाईंचा विषय, मग बाकीचे. मी माझी वाक्यं लिहून ठेवली आहेत. पहिलं असं आहे: "जूनच्या सभेत जी साक्ष आली ती माझी होती, आणि ती चुकीची होती." दुसरं अजून नीट जमलेलं नाही, कारण ते माझं नाही. ते ज्याचं आहे त्याने म्हटलं तर ते एका ओळीत बसेल. मी म्हटलं तर मला त्याचं नाव घ्यावं लागेल.

हे पत्र मी पोस्टात टाकत नाही. माउगाबाई उद्या परत जात आहेत, त्या तुझ्या हातात देतील. म्हणजे गुरुवारपर्यंत तुझ्याकडे असेल. ते तू एतुआलेला वाचून दाखव, जूनमध्ये डुकराचं दाखवलंस तसं. ऑकलंडहून विमान शनिवारी सुटतं. त्याने यावं असं मी म्हणत नाही. माझ्या सांगण्यावरून आला तर ते त्याचं येणं होणार नाही. मी फक्त त्याला दिवस सांगते आहे.

तो आला, तर त्याने माझ्याआधी बोलावं. मी त्याच्या मागे बसेन आणि त्याचं संपेपर्यंत तोंड उघडणार नाही. पांढरे बूट मात्र दाराबाहेर काढून यायला सांग.

तो नाही आला, तरी मी तुझीच इलिसा असेन. आणि मी बोलेन, सोमवारी, एकोणीस ऑगस्टला, सकाळी नऊ वाजता.

तुझी,
इलिसा